पूर्वेच्या शोधात एक चित्रकार

विद्यार्थ्यांनो, आफ्रिकेचा नकाशा समोर ठेवा. वरच्या बाजूला, डाव्या हाताला मोरोक्को हा देश दिसेल. उर्दूत आपण त्याला मराकश म्हणतो. तेथील लोक आपल्या देशाला अल-मगरिब म्हणतात. मगरिब म्हणजे पश्चिम, सूर्य मावळतो ती दिशा. मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आता युरोपच्या नकाशात पॅरिस शहर शोधा. मोरोक्को पॅरिसच्या दक्षिणेला आणि थोडा पश्चिमेलाच आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील युरोपचे लोक या देशाला पूर्वेकडचा देश म्हणत. तुर्कस्तान, इजिप्त, सिरिया, अल्जीरिया, मोरोक्को अशा कितीतरी निरनिराळ्या देशांना त्यांनी एकच नाव देऊन टाकले होते. ते नाव म्हणजे 'पूर्व'.

ही पूर्व नकाशावर नव्हती. ती युरोपीय लोकांच्या मनात होती. तिथे श्रीमंत सुलतान होते, क्रूर सरदार होते, रेशमी पडदे होते आणि जनानखाने होते. अनेक चित्रकारांनी घरी बसून या पूर्वेची चित्रे काढली. त्यांच्यापैकीच एक चित्रकार एके दिवशी जहाजात बसला आणि खरोखरच त्या देशांत जाऊन पोहोचला. मनातली पूर्व आणि डोळ्यांनी पाहिलेला देश यांत किती अंतर असते, हे त्याला तिथे समजले. त्या चित्रकाराचे नाव युजीन देलाक्रवा.

युजीनचा जन्म २६ एप्रिल १७९८ रोजी पॅरिसजवळच्या शारांतों या गावी झाला. त्याचे वडील मोठे सरकारी अधिकारी होते. काही काळ ते फ्रान्सचे परराष्ट्रमंत्रीही होते. आईचे वडील लाकडी सामान बनवणारे नामांकित कारागीर होते. घरात कशाची उणीव नव्हती. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १८०५ मध्ये वडील वारले. तेव्हा युजीन अवघा सात वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याचा एक मोठा भाऊ नेपोलियनच्या सैन्यात लढताना मारला गेला. १८१४ मध्ये आईचेही छत्र हरपले. घरची मालमत्ता कज्जेखटल्यांत आणि कर्जात गेली. सोळा वर्षांचा युजीन बहिणीच्या आधाराने राहू लागला.

शाळेत त्याला ग्रीक आणि लॅटिन भाषांतील जुने ग्रंथ आवडत. संगीताचीही गोडी होती. पण हात सतत चित्रे काढण्याकडे वळे. १८१५ मध्ये तो गेरँ नावाच्या चित्रकाराच्या चित्रशाळेत शिकू लागला. तिथे त्याची ओळख तेओदोर जेरिको या तरुण चित्रकाराशी झाली. त्या वेळी जेरिको एका बुडालेल्या जहाजाचे भव्य चित्र रंगवत होता. तराफ्यावर तहानभुकेने तडफडणारी माणसे त्याला दाखवायची होती. त्यांतील एका माणसासाठी देलाक्रवाने स्वतः नमुना म्हणून आपले शरीर दिले. चित्र म्हणजे केवळ सुंदर आकृती नव्हे, पाहणाऱ्याचे हृदय हलले पाहिजे, हा धडा त्याला इथे मिळाला.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकलेचे नियम कडक होते. रेषा स्पष्ट हवी, आकृती प्राचीन ग्रीक पुतळ्यांसारखी हवी, रंग शांत हवेत, भावना आवरलेल्या हव्यात, असे जुने जाणते सांगत. नव्या पिढीला हे जाचक वाटू लागले. भीती, दुःख, राग, प्रेम, स्वातंत्र्याची ओढ या भावना मोकळेपणाने दाखवाव्यात असे या तरुणांचे म्हणणे होते. कलेतील या प्रवाहाला स्वच्छंदतावाद म्हणतात. देलाक्रवा या प्रवाहाचे फ्रान्समधील सर्वांत मोठे चित्रकार ठरले.

पॅरिसमध्ये सरकारी चित्रप्रदर्शन भरत असे. १८२२ च्या प्रदर्शनात चोवीस वर्षांच्या देलाक्रवा यांनी आपले पहिले मोठे चित्र मांडले. इटालियन कवी दान्ते नावेतून नरकाची नदी पार करत आहे, असा त्याचा विषय होता. काहींनी ते वाखाणले, काहींनी नावे ठेवली. सरकारने मात्र ते विकत घेतले.

दोन वर्षांनी त्यांनी एक ताजा विषय निवडला. ग्रीस तेव्हा तुर्कांच्या उस्मानी सलतनतीचा भाग होता. १८२१ मध्ये ग्रीकांनी स्वातंत्र्यासाठी बंड केले. १८२२ मध्ये उस्मानी फौजांनी किऑस बेटावर हजारो लोकांना ठार केले आणि हजारोंना गुलाम बनवले. ही बातमी ऐकून युरोप हादरला. देलाक्रवा यांनी किऑसच्या कत्तलीचे चार मीटरहून उंच चित्र रंगवले. त्यात विजयाचा देखावा नाही. हताश, थकलेली, मरणाची वाट पाहणारी माणसे आहेत. ते दुःख खरे होते. पण देलाक्रवा यांनी ना किऑस पाहिले होते, ना उस्मानी फौज. पोशाख आणि शस्त्रे त्यांनी एका मित्राच्या संग्रहातून उसनी आणली होती. माणसांसाठी त्यांच्यासमोर पॅरिसचे नमुने बसत. बाकीचे पुस्तकांतून आणि कल्पनेतून आले.

कल्पना, म्हणजे उर्दूतील तसव्वुर, ही चित्रकाराची मोठी शक्ती आहे. पण ती जेव्हा न पाहिलेल्या माणसांविषयी बोलू लागते, तेव्हा ती भरकटूही शकते. १८२७ मध्ये देलाक्रवा यांनी असीरियाच्या सार्दानापालस या राजाच्या मृत्यूचे चित्र काढले. इंग्रज कवी बायरन याने या राजावर नाटक लिहिले होते. शत्रू महालापर्यंत येतो आणि हरलेला राजा चितेवर जीव देतो, अशी ती कथा. देलाक्रवा यांनी तिच्यात आपल्या मनाची भर घातली. त्यांच्या चित्रात राजा पलंगावर पहुडला आहे आणि त्याच्या हुकमाने त्याच्या दासी, घोडे आणि सारा खजिना त्याच्या डोळ्यांदेखत नष्ट केला जात आहे. लाल आणि सोनेरी रंगांचा जणू पूर आला आहे. रंगांच्या दृष्टीने चित्र विलक्षण होते. पण हा क्रूर आणि विलासी राजा इतिहासातला नव्हता. तो युरोपच्या मनातला 'पूर्वेचा राजा' होता. प्रदर्शनात या चित्रावर कडाडून टीका झाली. टीकाकारांना त्यातील गोंधळ आणि भडकपणा खटकला. सरकारी अधिकाऱ्याने देलाक्रवा यांना शैली बदलण्याची तंबी दिली. काही काळ सरकारी कामे मिळेनाशी झाली.

१८३० च्या जुलै महिन्यात पॅरिसचे लोक राजाविरुद्ध रस्त्यावर उतरले. तीन दिवसांत राजा दहावा चार्ल्स याची सत्ता गेली. त्या घटनेवर देलाक्रवा यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र काढले. हाती तिरंगी निशाण घेतलेली स्वातंत्र्यदेवी लोकांना पुढे नेत आहे. तिच्यामागे कामगार आहे, शिकलेला तरुण आहे आणि बाजूला दोन्ही हातांत पिस्तुले घेतलेला एक पोरही आहे. नव्या सरकारने चित्र विकत घेतले. पण लोक पुन्हा पेटून उठतील या भीतीने ते लवकरच नजरेआड केले. पुढे १८७४ मध्ये ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आले.

त्याच १८३० साली आणखी एक घटना घडली. फ्रान्सने समुद्र ओलांडून अल्जीअर्स शहर जिंकले. शेजारच्या मोरोक्कोचे सुलतान मौलाय अब्दुर्रहमान यांच्याशी आता बोलणी करणे फ्रान्सला भाग होते. म्हणून काउंट द मोर्ने यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ पाठवायचे ठरले. प्रवासात सोबत म्हणून एक चित्रकारही हवा होता. देलाक्रवा यांना विचारणा झाली. त्यांनी होकार दिला. जानेवारी १८३२ मध्ये ते तुलों बंदरातून निघाले आणि महिनाअखेर टँजिअर येथे उतरले. तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते.

टँजिअरमध्ये पाऊल ठेवताच त्यांचे डोळे दिपून गेले. पॅरिसचे आकाश बरेचदा करडे असते. इथे पांढऱ्याशुभ्र भिंतींवर लख्ख ऊन पडले होते. त्यांनी खिशातून लहान वही काढली आणि जे दिसेल ते टिपायला सुरुवात केली. दरवाजे, कमानी, घोड्यांचे खोगीर, पाणी भरणाऱ्या बाया, उन्हात बसलेले म्हातारे, काही सुटले नाही. रंगवायला वेळ नसला तर रेखाटनाशेजारी ते रंगांची नावे लिहून ठेवत. अशा कितीतरी वह्या भरल्या. त्यांतील काही आजही फ्रान्समध्ये जपून ठेवल्या आहेत.

हे काम सोपे नव्हते. परक्या माणसाने आपले चित्र काढावे, हे तेथील लोकांना पसंत नव्हते. देलाक्रवा यांना पुष्कळदा चोरून रेखाटावे लागे. मुसलमान घरांतील स्त्रिया त्यांच्यासमोर येत नसत. फ्रेंच वकिलातीत अब्राहम बेनशिमोल नावाचे यहुदी दुभाषे होते. दुभाष्या म्हणजे तर्जुमान. त्यांच्या ओळखीने देलाक्रवा यांना टँजिअरच्या यहुदी घरांत प्रवेश मिळाला. एका लग्नसमारंभालाही ते हजर राहिले. अंगणात गाणारे, वाजवणारे आणि नाचणारे लोक त्यांनी मनात साठवले. नऊ वर्षांनंतर, १८४१ च्या प्रदर्शनात, त्या लग्नाचे चित्र लोकांसमोर आले. त्यात यहुदी आणि मुसलमान पाहुणे एकाच अंगणात बसलेले दिसतात.

मार्च महिन्यात शिष्टमंडळ घोड्यांवरून मेकनेस शहराकडे निघाले. प्रवासाला दहा दिवस लागले. २२ मार्च १८३२ रोजी सुलतानांची भेट झाली. शहराच्या उंच तटबंदीतून सुलतान घोड्यावर बसून बाहेर आले. त्यांच्या डोक्यावर सेवकाने मोठी छत्री धरली होती. अंगावर हिऱ्यामोत्यांचा लखलखाट नव्हता. पोशाख साधा आणि चेहरा शांत होता. देलाक्रवा यांनी आपल्या सार्दानापालसची आठवण काढली असेल की नाही, कोण जाणे! पण पलंगावर लोळणारा कल्पनेतला राजा आणि भर उन्हात घोड्यावर ताठ बसलेला हा सुलतान, यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

तेथील सामान्य माणसांनीही त्यांना चकित केले. पांढऱ्या लांब अंगरख्यांत संथपणे चालणारे शेतकरी आणि दुकानदार पाहून त्यांना पुस्तकांतील प्राचीन रोमन आठवले. पॅरिसच्या चित्रशाळांत जे मोठेपण दगडी पुतळ्यांत शोधले जाई, ते इथे रस्त्यावर चालताना दिसत होते. तसे त्यांनी मित्रांना पत्रांतून कळवलेही.

परतीच्या वाटेवर, जूनच्या अखेरीस, जहाज तीन दिवस अल्जीअर्सला थांबले. तिथे एका घरातील स्त्रियांचे दालन पाहण्याची संधी त्यांना मिळाली, असे सांगतात. तेव्हाच्या जलरंगांतील रेखाटनांवर मुनी आणि झोरा अशी नावे लिहिलेली आढळतात. या आठवणींवरून त्यांनी पॅरिसमध्ये १८३४ साली 'अल्जीअर्सच्या स्त्रिया' हे चित्र पूर्ण केले. तीन स्त्रिया गालिच्यावर बसल्या आहेत. जवळ हुक्का आहे. भिंतीवर रंगीत फरशा आहेत. पायांतले जोडे काढून ठेवलेले आहेत. एक हबशी दासी पडदा सारत मागे वळून पाहत आहे. चित्रात काहीही भयंकर घडत नाही. दुपारची शांतता आहे, बस्स. सात वर्षांपूर्वीच्या चित्रातल्या किंकाळ्या इथे उरलेल्या नाहीत.

या प्रवासाने त्यांच्या रंगांतही बदल झाला. प्रखर उन्हात सावली काळी नसते. पांढऱ्या कापडाच्या सावलीत निळी, जांभळी किंवा हिरवी छटा असते. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला, तर दोन्ही रंग अधिक उजळ दिसतात. या गोष्टी त्यांनी बारकाईने अभ्यासल्या आणि आयुष्यभर वापरल्या. पुढच्या पिढीतील सेझान आणि व्हॅन गॉग यांनी त्यांच्या रंगांपासून धडे घेतले.

मग देलाक्रवा यांनी खरी पूर्व जशीच्या तशी दाखवली, असे म्हणता येईल का? तसे म्हणता येणार नाही. ते तिथे सहा महिनेही राहिले नाहीत. त्यांना अरबी येत नव्हती. ज्या देशाने अल्जीअर्स तलवारीने जिंकले, त्याच देशाचे ते पाहुणे म्हणून फिरत होते. टँजिअरमध्ये त्यांनी इसावी सिलसिल्याच्या लोकांची मिरवणूक लपून पाहिली. ते लोक जिक्र करताना बेभान होत. सहा वर्षांनी त्यांनी तिचे चित्र मांडले. ते चित्र आज 'टँजिअरचे धर्मवेडे' या नावाने ओळखले जाते. त्यात हालचाल जिवंत आहे, रंग जिवंत आहेत. पण ती माणसे असे का करतात, हे चित्र सांगत नाही. डोळ्यांना जे दिसते, ते सगळे मनाला समजतेच असे नाही.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सुलतानांच्या भेटीचे पहिले कच्चे चित्र त्यांनी केले, तेव्हा त्यात फ्रेंच शिष्टमंडळ होते. १८४४ मध्ये फ्रान्स आणि मोरोक्को यांच्यात लढाई झाली. मोरोक्कोचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी देलाक्रवा यांनी हे चित्र भव्य आकारात पूर्ण केले. आता त्यात एकही फ्रेंच माणूस नव्हता. मेकनेसची तटबंदी, रक्षक, छत्री आणि घोड्यावर शांत बसलेले सुलतान मौलाय अब्दुर्रहमान, एवढेच उरले. हरलेल्या राजाला त्यांनी मान खाली घातलेला दाखवले नाही.

त्यांचे प्रतिस्पर्धी आँग्र हेही थोर चित्रकार होते. त्यांनी जनानखान्याची आणि तुर्की हमामाची चित्रे काढली. पण त्या देशांत ते कधी गेले नाहीत. जेरोम हे नंतरचे चित्रकार अनेकदा इजिप्त आणि तुर्कस्तानला गेले. भिंतीवरची एकेक फरशी ते हुबेहूब रंगवत. तरीही गारुड्याच्या चित्रात त्यांनी न घडलेला प्रसंग खरा वाटावा असा सजवला. म्हणजे न जाता चूक होते, तशी जाऊनही होते. पूर्वेविषयीच्या अशा ठरावीक कल्पनांवर एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी विद्वानांनी १९७८ मध्ये एक ग्रंथ लिहिला. तेव्हापासून या चित्रांकडे लोक अधिक जागरूकपणे पाहू लागले.

देलाक्रवा पुन्हा कधी आफ्रिकेत गेले नाहीत. वह्या आणि आठवणी त्यांना पुढची तीस वर्षे पुरल्या. त्यांनी पॅरिसच्या संसदभवनात आणि चर्चमध्ये मोठमोठी भित्तिचित्रे रंगवली. ललित कलांच्या अकादमीने त्यांना अनेकदा नाकारले. अखेर १८५७ मध्ये सदस्यत्व दिले. घशाच्या जुन्या दुखण्याने त्यांची प्रकृती खालावत गेली. त्यांनी लग्न केले नव्हते. जेनी नावाची त्यांची विश्वासू घरव्यवस्थापिका अखेरपर्यंत त्यांची काळजी घेत होती. १३ ऑगस्ट १८६३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. लहानमोठी मिळून नऊ हजारांहून अधिक चित्रे आणि रेखाटने त्यांच्या मागे राहिली. त्यांचे अखेरचे घर आता संग्रहालय आहे.

'अल्जीअर्सच्या स्त्रिया' हे चित्र मात्र फिरत राहिले. १९५४-५५ मध्ये पिकासो यांनी त्यावरून पंधरा नवी चित्रे काढली. १९८० मध्ये असिया जेबार या अल्जीरियन लेखिकेने त्याच नावाचे पुस्तक लिहिले. दीडशे वर्षे ज्या स्त्रिया चित्रात गप्प बसल्या होत्या, त्यांच्या देशातील एक स्त्री आता स्वतः बोलू लागली.

एखादा गाव, एखादा समाज, एखादी भाषा यांविषयी आपल्याही मनात न पाहिलेली चित्रे असतात. आपल्याविषयीही इतरांच्या मनात अशी चित्रे असतात. देलाक्रवा यांनी वही उघडली, उन्हात उभे राहिले आणि आपल्या मनातले चित्र थोडे पुसले. सगळे पुसता आले नाही. पण जेवढे पुसले गेले, तेवढ्या जागेत खरी माणसे आली.

स्वाध्याय

१. मोरोक्को युरोपीय लोकांना 'पूर्व' का वाटत असे? नकाशाच्या आधारे हे नाव योग्य की अयोग्य ते सांगा.
२. किऑसच्या चित्रासाठी देलाक्रवा यांनी साहित्य कोठून मिळवले?
३. सार्दानापालस आणि सुलतान अब्दुर्रहमान यांच्या चित्रांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
४. सावलीच्या रंगांविषयी देलाक्रवा काय शिकले? शाळेच्या मैदानावर दुपारी निरीक्षण करा आणि पाच वाक्ये लिहा.
५. तुम्ही ज्याविषयी फक्त ऐकले होते आणि नंतर प्रत्यक्ष पाहिले, अशा एका ठिकाणाविषयी दहा ओळी लिहा.